उंबऱ्याआतलं कपाट
दाराशी चपलांचा ढीग पडतो तो घरच्यांच्या आळसामुळे, हे मला पटत नाही. त्या ठेवायला जागाच नेमलेली नसते. वाड्याला ओसरी होती, फ्लॅटचं दार थेट हॉलमध्येच उघडतं. अशा वेळी सुताराकडून भिंतभर फर्निचर करून घेण्यापेक्षा बाजारातलं साधं दोन दारांचं कपाट आणावं आणि ते आपल्या सवयींप्रमाणे बदलून घ्यावं. मोठ्या माणसाचा बूट साधारण ३० सेंटिमीटर लांब असतो, म्हणजे ३५ सेंटिमीटर खोली पुरते; फळ्या वरखाली सरकवल्या की खाली गमबूट, मध्ये रोजच्या चपला आणि वर हेल्मेट बसतं, दाराच्या आतल्या बाजूला किल्ल्यांसाठी हुक. बंद कपाटात वास कोंडतो, हा आक्षेप खरा आहे; कोकणातल्या पावसाळ्यात तर चामड्याला बुरशीच धरते. पण पाठीच्या पातळ फळीला वर-खाली भोकं पाडली आणि कपाट भिंतीपासून दोन बोटं पुढे ठेवलं की हवा खेळती राहते. पार्टिकल बोर्डाची उघडी कड पाणी शोषते, फुगते आणि पुन्हा पूर्ववत होत नाही, म्हणून तिला पट्टी चिकटवावी, तळाला पाय लावावेत. सुतारकाम जास्त टिकतं, हे मान्य. पण अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्याला भिंतीत ठोकलेलं कपाट सोबत नेता येत नाही. जागा वाचते म्हणून ते जिन्याजवळच्या पॅसेजमध्ये मात्र ढकलू नये; आग लागली तर सगळ्या मजल्याची सुटकेची वाट तीच असते.