श्रेयांक विद्यार्थ्याला, वही मजुराला

कृष्णाकाठी गळीत हंगाम सुरू झाला की साखरेच्या उताऱ्याचे आकडे वर्तमानपत्रांत झळकू लागतात. तो ऊस तोडणाऱ्यांची मोजदाद मात्र ‘कोयता’ या मापाने होते. एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बीड जिल्ह्यातून, तसेच सांगलीच्याच जत तालुक्यातून निघणारी ही माणसे पाच-सहा महिने उसाच्या मुलुखात कोप्या घालून राहतात. मतदार म्हणून ती गावाकडची, मजूर म्हणून मुकादमाची. कराड-वाळव्याच्या लेखी ती कोणाचीच नसतात.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने आंतरवासितेला अभ्यासक्रमात स्थान दिले. त्यामुळे या स्थलांतरितांत काम करणाऱ्या सेवाभावी संस्थांकडे विद्यार्थी पाठविण्याचा मार्ग महाविद्यालयांना मोकळा झाला. हे स्वागतार्हच आहे. परंतु वह्या-पेन्सिली वाटावयाच्या, छायाचित्रे काढावयाची आणि अहवाल देऊन श्रेयांक पदरात पाडून घ्यावयाचे, एवढ्यावरच हे थांबणार असेल, तर मजुराला त्याचा काडीचाही उपयोग नाही.

दुखण्याचे मूळ हिशेबात आहे. कारखाना व्यवहार करतो तो मुकादमाशी किंवा वाहतूक ठेकेदाराशी. उचल मुकादम देतो, वजन कारखान्याच्या काट्यावर होते, मजुरी टनावर ठरते. आणि या तिन्हींचा कागद कोयत्याच्या हाती क्वचितच येतो. जानेवारी 2024 मध्ये तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ ठरली. पण आपण किती टन तोडले हेच ज्याला सिद्ध करता येत नाही, त्याने ती वाढ कशाच्या आधारे मागावी? 1979 चा स्थलांतरित कामगार कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांपुरता होता. बीडहून कराडला येणारा त्यात बसलाच नाही.

म्हणून विद्यार्थ्याने कोपीपाशी बसून प्रत्येक कोयत्याची वही लिहावी : उचल, टन, कपात, बाकी. स्त्रीच्या श्रमाची नोंद तिच्या स्वतःच्या नावावर असावी. मुलांची यादी करून 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यान्वये जवळच्या शाळेत त्यांचा प्रवेश मागावा. मात्र विद्यार्थी महिन्याने परततो, मुकादमाला तोंड द्यावे लागते ते मजुराला. तेव्हा वही त्याच्या संमतीनेच लिहावी, ती त्याच्याच जवळ राहावी, आणि तिच्यामागे संघटना उभी असावी.

आणखी एक गोष्ट. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराड तालुक्यातील काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि ‘कमवा आणि शिका’ हा मंत्र दिला. त्या भूमीत फुकट राबविणारी आंतरवासिता शोभत नाही. बिनमोबदल्याचे काम सुखवस्तू घरच्या मुलांनाच परवडते. टोळीचे दुःख जी जाणते ती ऊसतोड मजुराची मुलगी मग बाहेरच राहते. तिला विद्यावेतन मिळालेच पाहिजे.

सेवेने आजची भूक भागते. हक्क मिळविण्यास पुरावा लागतो. तो पुरावा उभा करण्यासाठी या हंगामात कार्यकर्त्यांनी आपल्या तालुक्यातील महाविद्यालयांचे दार ठोठावावे.