मताधिकाराची पहिली पायरी

मुळशी तालुक्यातील माले हे गाव ज्या धरणाच्या परिसरात वसले आहे, त्या धरणाविरुद्ध १९२१ साली सत्याग्रह झाला आणि सेनापती बापट त्याचे अग्रणी ठरले. ज्यांच्या जमिनी पाण्याखाली जावयाच्या होत्या, त्या शेतकऱ्यांची संमती त्या निर्णयाला आवश्यक मानली गेली नव्हती. निर्णयाचे परिणाम ज्याने भोगावयाचे, त्याचा शब्द त्या निर्णयात असला पाहिजे, हा धडा या भूमीने मोठी किंमत देऊन घेतला आहे. तोच धडा आज मतदाराच्या वयाला लावून पाहावा, असे आम्हांस वाटते.

उमेदवाराचे किमान वय आपल्या घटनेने पायरीपायरीने ठरविले आहे. पंचायतीसाठी २१, विधानसभा व लोकसभेसाठी २५, राज्यसभेसाठी ३०. मतदाराला मात्र सर्वत्र १८ ही एकच अट आहे. १९८८ च्या ६१व्या घटनादुरुस्तीने ती २१ वरून खाली आणली, तेव्हा काही राज्यांनी स्थानिक संस्थांसाठी १८ ची मर्यादा आधीच स्वीकारल्याचा दाखला तिच्या हेतुकथनात देण्यात आला होता. म्हणजे ही सुधारणा गावातून दिल्लीकडे गेली. ग्रामपंचायतीपुरते मतदानाचे वय १६ करून तोच मार्ग पुन्हा का चोखाळू नये?

परराष्ट्रधोरण सोळा वर्षांच्या मुलाला कदाचित उमगणार नाही. पण गावचे पाणी, रस्ता आणि शाळा यांची स्थिती त्याच्याइतकी कोणाला ठाऊक आहे? पंचायतीची मुदत पाच वर्षांची. निवडणुकीनंतर थोड्याच दिवसांनी ज्याला अठरावे लागते, तो गावासाठी पहिले मत देतो ते जवळजवळ तेविसाव्या वर्षी. तोवर शिक्षणासाठी वा नोकरीसाठी त्याने पुण्याची वाट धरलेली असते!

अशी मुले वडीलधाऱ्यांच्या सांगण्यावरून मत देतील, असा आक्षेप घेतला जाईल. स्त्रियांच्या मताविषयीही एकेकाळी हीच शंका घेतली जात असे. गुप्त मतदान हेच तिचे उत्तर होय. ऑस्ट्रियाने २००७ साली सर्वच निवडणुकांसाठी १६ ची मर्यादा स्वीकारली. आम्ही तर केवळ पहिल्या पायरीचीच मागणी करीत आहोत.

कलम ३२६ मधील वयाची अट लोकसभा व विधानसभा यांच्यापुरतीच आहे; पंचायतींच्या निवडणुकांविषयी कायदा करण्याचा अधिकार राज्य विधिमंडळाकडे आहे. विधानसभेच्या यादीवर विसंबून न राहता गावासाठी स्वतंत्र पुरवणी यादी करावी लागेल, एवढाच काय तो खटाटोप. ज्यांना उद्या गाव सांभाळावयाचा आहे, त्यांना आज गावाविषयी बोलू द्यावे, हेच शहाणपणाचे.