प्रतिकृती उलटी करून पाहा
काचेच्या कपाटातील डाय-कास्ट लढाऊ विमाने डोळ्यांना सुखावतात. मित्रहो, इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र ती उलटी करून पाहावीत, असे माझे स्पष्ट मत आहे.

उदाहरण मिग-२१ एफएलचे. नाशिकजवळच्या ओझर येथे हिंदुस्तान एरोनॉटिक्सने बांधलेल्या या विमानाला अंगची तोफच नव्हती. सारी भिस्त क्षेपणास्त्रांवर. ती अपुरी पडते हे उमगल्यावर पोटाखाली २३ मिमी तोफेचा गन पॉड टांगला गेला. १२ डिसेंबर १९७१ रोजी कच्छच्या आखातावर फ्लाइट लेफ्टनंट भारतभूषण सोनी यांनी पाकिस्तानी एफ-१०४ स्टारफायटर पाडले, ते याच तोफेने.

१:७२ प्रमाणात या विमानाचा ७.१५ मीटरचा पंखविस्तार जेमतेम दहा सेंटिमीटर भरतो. वितळलेला जस्ताचा मिश्रधातू ज्या पोलादी साच्यात दाबाने भरतात, तो साचा फार महाग. म्हणून एकाच साच्यातील विमानावर अनेक देशांचे रंग चढतात. शिष्यवृत्तीतून पैसे साठवून मी घेतलेल्या प्रतिकृतीवर १९७१ ची भारतीय चिन्हे होती, सांगाडा मात्र युद्धानंतर आपल्याकडे आलेल्या, अंगची तोफ असलेल्या प्रकाराचा! ‘रंग तर बरोबर आहे ना?’ विक्रेत्याचा प्रश्न.

रंगाची चूक मी क्षम्य मानतो. त्या युद्धात छद्मरंग घाईघाईनेच चढवले गेले होते. तोफेची चूक क्षम्य नाही, कारण ती एफएलची मूळ उणीवच पुसून टाकते. मग सोनींच्या त्या पाठलागात पॉडचे काय मोल होते, हे कळणार कसे?

प्रतिकृती मी ठेवून घेतली आहे. तळाशी चिठ्ठी चिकटवून तिच्यावर विमानाचा खरा प्रकार लिहिला आहे.