चाकांवरचें घर : कोणतें निवडावें ?

आमच्या एका वाचक भगिनींचें पत्र गेल्या महिन्यांत आलें. त्यांचे चिरंजीव कॅलिफोर्नियांत नोकरीस आहेत. येत्या उन्हाळ्यांत आईवडिलांस बोलावून घ्यावें आणि आपण उभयतां, दोन मुलें व आईवडील अशा सहा माणसांनीं मोटारहोम घेऊन तीन महिने अमेरिकेचा पश्चिम भाग पाहावा, असा त्यांचा बेत आहे. चिरंजीवांचें मन चाळीस फुटी गाडीवर बसलें आहे, सूनबाईंस लहान व्हॅन पुरेशी वाटते. आणि "आम्हां म्हाताऱ्यांस त्यांतलें काय कळतें, म्हणून आम्हीं मौन धरिलें आहे," असें भगिनी लिहितात. या शेवटच्या वाक्यामुळेंच हा विषय या सदरांत घ्यावासा वाटला. गाडीची निवड चुकली तर तिचा त्रास सर्वांत अधिक त्याच दोघांस होणार, आणि बोलण्याचें मात्र तेच दोघे टाळीत आहेत !

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर, ही म्हण आपण थट्टेनें वापरतों. अमेरिकेंत लक्षावधि कुटुंबें हौसेनें असें बिऱ्हाड पाठीवर घेतात. ही हौस तेथें बरीच जुनी आहे. १९१५ सालीं न्यूयॉर्कजवळच्या हंटिंग्टन येथील रोलंड कॉंक्लिन या गृहस्थांनीं एका बससारख्या गाडींत बिछाने, स्वयंपाकघर व स्नानाची सोय करून सहकुटुंब सान फ्रान्सिस्कोचा प्रवास केला. युरोपांत १९५१ पासून फोक्सवागेनच्या व्हॅनींत वेस्टफालिया कंपनीनें बिछाने व कपाटें बसविण्यास आरंभ केला. अमेरिकेंत आयोवा संस्थानांतील विनेबागो कंपनी १९६६ पासून मोटारहोम कारखान्यांतच बनवूं लागली, आणि मग हें वाहन मध्यम स्थितींतील कुटुंबांच्याहि आटोक्यांत आलें. तेथें या सर्व वाहनांना मिळून 'आर्. व्ही.' म्हणतात.

स्वतःचें एंजिन असलेल्या मोटारहोमचे तीन वर्ग मानितात : ए, बी आणि सी. मुळाक्षरांच्या क्रमावरून लहानमोठेपणा ताडूं गेल्यास मात्र फसगत होईल. ए सर्वांत मोठा, बी सर्वांत लहान, आणि सी मधला. लोहाराकडे सुई आणि कढई अशीं दोन कामें आलीं, तर तो सुईचें काम आधीं उरकतो; त्या सूचीकटाहन्यायानें आपणहि लहानापासून आरंभ करूं.

बी वर्ग म्हणजे कारखान्यांतून आलेल्या तयार व्हॅनच्या पोटांतच थाटलेलें घर. फोर्ड ट्रान्झिट, मर्सिडिझ स्प्रिंटर, रॅम प्रोमास्टर या व्हॅन त्यासाठीं घेतात. लांबी साधारण अठरा ते चोवीस फूट. शहरांत चालविणें सोपें, उभी करणें सोपें, इंधनहि थोडें लागतें. परंतु सोय तेवढीच आंखुड. बहुतेक व्हॅनींत शौचकूप आणि स्नान एकाच कोंडाळ्यांत असतें. एकानें स्नान केलें कीं दुसऱ्यास तेथें ओल्या जमिनीवरच पाऊल ठेवावें लागतें. नवरा-बायको दोघेंच असतील, प्रकृति धडधाकट असेल आणि रोज नवें गांव गांठण्याची हौस असेल, तर याहून सुटसुटीत वाहन नाहीं. सहा माणसांस तें सर्वथा अपुरें.

सी वर्गांत व्हॅनचा पुढचा भाग, म्हणजे चालकाची खोली, तशीच ठेवून तिच्या मागें स्वतंत्र बांधलेलें घर बसवितात. वीस ते बत्तीस-तेहतीस फुटांपर्यंत या गाड्या मिळतात. चालकाच्या डोक्यावर पुढें आलेला जो माळा दिसतो, त्यांत दोघांची शय्या होते. मुलांना ती जागा फार आवडते, कारण तेथें शिडीनें चढावें लागतें. वडील माणसांना ती नको, तेंहि शिडीमुळेंच. मागील बाजूस बहुधा कायमचा पलंग, मध्यें स्वयंपाकाचा ओटा, बसण्याचें मेज आणि स्नानाची वेगळी जागा, अशी रचना असते.

ए वर्ग म्हणजे बसच्या किंवा जड मालमोटारीच्या सांगाड्यावर उभारलेला वाडाच. लांबी सव्वीसपासून पंचेचाळीस फुटांपर्यंत. समोर भव्य कांच, ऐसपैस दिवाणखाना, मोठ्या टाक्या, आपलें स्वतःचें वीजयंत्र. डिझेलवर चालणाऱ्या मोठ्या गाड्यांत एंजिन मागें असल्यामुळें पुढें बसणाऱ्यांस आवाज कमी लागतो. पण हा वाडा एकदां मुक्कामावर उभा केला कीं दूध-भाजी आणण्यासाठीं तो पुन्हां हलविणें जिवावर येतें. म्हणून पुष्कळ लोक त्याच्या मागें एक लहान मोटार ओढीत नेतात, आणि लांबी आणखीच वाढते. शिवाय कॅलिफोर्नियांत चाळीस फुटांहून लांब मोटारहोम चालविण्यास नेहमींचा परवाना पुरत नाहीं. त्यासाठीं वेगळा काढावा लागतो.

याखेरीज एंजिन नसलेलीं, ओढून नेण्याचीं घरें आहेत. साधा ट्रेलर मोटारीच्या मागील आंकड्यास जोडतात. 'फिफ्थ व्हील' नांवाचा मोठा ट्रेलर पिकअप ट्रकच्या हौद्यांत, मागील चाकांच्या वर बसविलेल्या जोडणीस अडकवितात, त्यामुळें तो अधिक स्थिर चालतो. मुक्कामावर घर सोडून मोटार मोकळी करतां येते, ही मोठीच सोय. एकेका ठिकाणीं तीन-चार आठवडे राहावयाचें असेल, तर हा प्रकार उत्तम. मात्र ट्रेलर मागें घेणें ही एक स्वतंत्र विद्या आहे, कारण सुकाणूं उलट फिरवावें लागतें. दुसरें असें कीं, साध्या ट्रेलरमध्यें धांवत्या प्रवासांत माणसें बसविण्यास बहुतेक संस्थानांत मनाई आहे. तेव्हां सहाहि जणांना पुढच्या मोटारींतच बसावें लागणार. फिफ्थ व्हीलमध्यें निजण्याची खोली बहुधा तीन-चार पायऱ्या चढून असते. गुडघे दुखणाऱ्या माणसास त्या पायऱ्या रात्रीं दोन वेळां उतरणें-चढणें किती जड जाईल, हें सांगावयास नको.

प्रकार कळले, पण निवड प्रकारांवरून करावयाची नसते, माणसांवरून करावयाची असते. विकणारा म्हणतो, "हींत सहा जण निजतात." तें खरेंहि असतें. परंतु निजण्याच्या जागा सहा असून सुरक्षेचे पट्टे चारच असलेल्या गाड्या पुष्कळ आहेत. म्हणून पहिला प्रश्न पट्ट्यांचा विचारावा. धांवत्या गाडींत प्रत्येकानें पट्टा लावून बसावें हेंच शहाणपण. आजीनें ओट्याशीं उभें राहून चहा करावा आणि गाडीनें घाट उतरावा, हें कितीहि रम्य वाटलें तरी करूं नये.

दुसरा प्रश्न शय्येचा. मेज मोडून होणारा बिछाना रोज रात्रीं घालावा आणि रोज सकाळीं काढावा लागतो. ज्यांस नवाच्या सुमारास झोंप येते त्यांस इतरांचें जेवण-बोलणें संपेपर्यंत ताटकळावें लागतें, आणि पहांटे साडेचारास उठणाऱ्यांस सर्व जागे होईपर्यंत बसावयास जागा उरत नाहीं. तेव्हां वडील माणसांस कायमचा, जमिनीजवळचा पलंग हवा. तोहि तीन बाजूंनीं भिंतीस चिकटलेला नको, नाहींतर आंत निजलेल्यास रात्रीं उठतांना दुसऱ्यास ओलांडून यावें लागतें. कांहीं गाड्यांत भिंतीचा भाग विजेनें बाहेर सरकून खोली रुंद होते. तो आंत घेतलेला असतांना पलंगापर्यंत आणि शौचकूपापर्यंत जातां येतें कीं नाहीं, हें गाडींत स्वतः चालून पाहावें. वाटेंत थांबल्यावर त्याचीच गरज पडते.

तिसरा प्रश्न पाण्याचा, आणि आपल्या घरांतून तो विशेष महत्त्वाचा. समजा, टाकी चाळीस गॅलनची आहे. अमेरिकन गॅलन ३.७८५ लिटरचा, म्हणजे सुमारें १५१ लिटर पाणी. सहा माणसांत प्रत्येकीं पंचवीस लिटर ! त्यांतच स्नान, स्वयंपाक, भांडीं आणि पिणें. आपल्याकडे एका स्नानासच एवढी बादली संपते. शिवाय वापरलेलें पाणी वाटेंत कोठेंहि सोडतां येत नाहीं. स्नानाचें व भांड्यांचें पाणी करड्या टाकींत आणि मलमूत्र काळ्या टाकींत सांठतें, आणि तें ठरलेल्या जागींच रिकामें करावें लागतें. हें काम घरांतल्याच कोणास तरी करावें लागतें. तें कोण करणार, याचा निर्णय निघण्यापूर्वीं व्हावा. रोज स्नानाचा नेम असणाऱ्यांनीं एक दिवसाआड तरी पाणी, वीज आणि मलवाहिनी यांची जोडणी असलेल्या मुक्कामावर उतरावें, म्हणजे नेमहि राहील आणि टाकीहि.

पाण्याबरोबर वजनहि येतें. १५१ लिटर म्हणजे १५१ किलो. चार मोठीं माणसें व दोन मुलें मिळून ३१० किलो धरूं. अंथरुणें, कपडे, धान्य, भांडीं यांचे २५० धरूं. बेरीज ७११ किलो झाली. मोटारहोमच्या दारापाशीं एक पाटी चिकटविलेली असते. माणसें व सामान मिळून किती वजन गाडी वाहूं शकेल, तें तिच्यावर छापलेलें असतें. कित्येक सुंदर गाड्यांचा आंकडा आपल्या बेरजेहून कमी भरतो. पडदे आणि गाद्या पाहण्यापूर्वीं ही पाटी वाचावी.

स्वयंपाकाची शेगडी गॅसवर चालते आणि तिला दोन किंवा तीन चुली असतात. फोडणी कडाडली कीं छतावरचा धुराचा इशारा देणारा घंटानाद सुरू होतो, आणि मिरचीचा खाट त्या एवढ्याशा जागेंत लौकर हटत नाहीं. तेव्हां वाफ बाहेर टाकणारा पंखा चांगला आहे ना हें पाहावें, प्रेशर कुकर जवळ ठेवावा, आणि तळण शक्य तों बाहेरच्या चुलीवर करावें.

आतां रस्त्याचा विचार. पश्चिम अमेरिकेंतील प्रेक्षणीय रस्ते पुष्कळसे जुने आहेत. माँटाना संस्थानांत ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानांतून पर्वत ओलांडणारा 'गोइंग-टू-द-सन' हा रस्ता १९३३ सालीं खुला झाला. त्याच्या डोंगरांतील टप्प्यावर एकवीस फुटांहून लांब किंवा आठ फुटांहून रुंद वाहनास बंदी आहे. यूटा संस्थानांतील झायन उद्यानाचा बोगदा १९३० सालचा. त्या काळच्या लहान मोटारींच्या मापानें खोदलेला असल्यामुळें उंच व रुंद गाडी त्यांत आपल्या बाजूस राहूं शकत नाहीं. राष्ट्रीय उद्यानांतील मुक्कामाच्या जागाहि पुष्कळ ठिकाणीं तीस फुटांवरील गाडीस पुरत नाहींत. म्हणजे चाळीस फुटी वाडा घेणाऱ्यानें जें पाहावयास निघालों त्याच्या दाराबाहेरच थांबावयाची तयारी ठेवावी. एवढें मात्र खरें कीं, एकवीस फुटांच्या अटींत सहा जणांची गाडी बसणें कठीण. असल्या रस्त्यासाठीं एक दिवस साधी मोटार भाड्यानें घ्यावी किंवा उद्यानाच्या बसनें जावें.

इंधनाचा हिशेब सोपा आहे. सहा हजार मैलांचा प्रवास धरूं. ए वर्गाची गाडी गॅलनमागें आठ मैल गेली तर ७५० गॅलन लागतील. सी वर्गाची दहा मैल गेली तर ६००. आणि बी वर्गाची अठरा मैल गेली तर ३३३. परंतु या तिसऱ्या आंकड्यास भुलून सहा माणसांनीं व्हॅन घेतली, तर रोज रात्रीं चौघांसाठीं हॉटेलची खोली पाहावी लागेल, आणि वांचलेलें इंधन दुप्पट-तिपटीनें वसूल होईल. नवी व्हॅन लहान आहे म्हणून स्वस्तहि नसते. तिची किंमत बहुधा एक लाख डॉलरांच्या वरच असते. विकत घेतलेली नवी गाडी रस्त्यावर आली कीं तिचें मोल झपाट्यानें उतरूं लागतें. सारांश, एका उन्हाळ्यासाठीं गाडी विकत घेणें व्यवहाराचें नाहीं. ती भाड्यानें मिळते. आधीं तीन-चार दिवसांसाठीं जवळपासच्या ठिकाणीं घेऊन जावी, आणि मगच तीन महिन्यांचा करार करावा.

या सर्वांवरून भगिनींच्या कुटुंबास आमची शिफारस अशी : सी वर्गाची, सव्वीस ते अठ्ठावीस फुटांची गाडी, सहा पट्टे, मागें मोकळा कायमचा पलंग, स्नानाची वेगळी जागा, धरून चढण्यास दांडा, आणि वजनाच्या पाटीवर सातशें किलोंहून चांगला मोठा आंकडा. माळा नातवंडांचा, मागचा पलंग आजीआजोबांचा, मेजाचा बिछाना मुलासुनेचा. यांत मुलासुनेस एकांत कमी मिळतो, हें वडिलांनीं ओळखावें, आणि दर आठ-दहा दिवसांनीं त्या दोघांस एक संध्याकाळ मोकळी करून द्यावी. घर जितकें लहान, तितके माणसांचे स्वभाव मोठे दिसूं लागतात. दोनशें चौरस फुटांत सहा स्वभाव सांभाळावयाचे, तर जागेची कसर समजूतदारपणानेंच भरून काढिली पाहिजे.

आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट मौनाची. आपल्या घरांतून वडील माणसें पैशाविषयीं बोलतात, धर्माविषयीं बोलतात. परंतु गुडघा दुखतो, रात्रीं तीन वेळां उठावें लागतें, उंच पायरीची भीति वाटते, हें मुलांस सांगतांना संकोचतात. मुलांस वाटतें, आईबाबांची कांहीं अडचण नाहीं; आणि मग परदेशांत, घरापासून हजार मैलांवर, ती अडचण सर्वांसमोर अशा रीतीनें उघडी पडते कीं दोहोंकडे वाईट वाटतें. मुलगा मोठी गाडी घेऊं म्हणतो तो आईवडिलांच्या सुखासाठींच. पण तें सुख गाडीच्या लांबींत नसून पलंगाच्या उंचींत आहे, हें त्यानें कोणाकडून ऐकावें? भगिनींनीं व त्यांच्या यजमानांनीं आजच एका कागदावर आपल्या गरजा लिहून काढाव्या : किती पायऱ्या चढवतात, औषधें कोणतीं व तीं थंड ठेवावीं लागतात काय, किती वाजतां निजणें-उठणें, रात्रीं किती वेळां उठणें. तो कागद गाडी ठरण्यापूर्वीं चिरंजीवांच्या हातीं पडावा. तो वाचून मुलास ओझें वाटेल हें भय व्यर्थ आहे. गाडी कोणती घ्यावी, हा प्रश्न त्यानें आधींच सुटेल.