जुनी पिकअप आणि तिच्या गिअरबॉक्सची हयगय

माल पिकविणे हे शेतकऱ्याचे निम्मे काम होय. उरलेले निम्मे तो माल वेळेवर बाजारपेठेत पोहोचविण्याचे आहे. भाजीपाला, फुले व फळे यांच्या बाबतीत तर हे उरलेले निम्मेच अधिक जड ठरते. नारायणगाव परिसरातील टोमॅटो माळशेज घाट उतरून कल्याणमार्गे वाशीच्या बाजारात जातो; नाशिककडील भाजी कसारा घाटाने मुंबईकडे उतरते. ज्या वाहतुकीसाठी पूर्वी भाड्याच्या ट्रकची वाट पाहत बसावे लागे, तीच वाहतूक आज पुष्कळ गावांत शेतकऱ्याच्या स्वतःच्या, अथवा दोघा-तिघा भावांनी मिळून घेतलेल्या पिकअप गाडीतून होते. ही गाडी बहुधा नवी नसते. दुसऱ्याने आठ-दहा वर्षे वापरून विकलेली, कागदपत्रे हाती असलेली पण सूचनापुस्तिका हरवलेली, अशा अवस्थेत ती शेतकऱ्याच्या दारी येते. तिने खोळंबा केला तर वीस-वीस किलोचे क्रेट रस्त्याच्या कडेला उन्हात राहतात आणि दुसऱ्या दिवशी त्यांतील मालास कोणी भाव विचारीत नाही.

अशा गाडीच्या इंजिनाची निगा बरीचशी होते. तेलाची पट्टी बाहेर ओढून पाहता येते, तेल काळे झाले की डोळ्यांना दिसते, गॅरेजवालाही आठवण देतो. परंतु इंजिनाच्या पाठीस जोडलेल्या गिअरबॉक्सची आणि मागील आसावरील डिफरन्शियलची वास्तपुस्त सहसा कोणी करीत नाही. या दोहोंस पट्टी नसते. आत किती तेल आहे हे पाहावयाचे तर गाडीखाली निजून प्लग उघडावा लागतो. जे सहज दिसत नाही ते ठीकच असणार, अशी समजूत त्यामुळे रूढ झाली असून ‘गिअरचे तेल गाडीच्या जन्मभर पुरते’ हे वाक्य चालकांच्या तोंडी सर्रास ऐकू येते. हे वाक्य खरे नाही. जुन्या गाडीच्या बाबतीत तर ते मालकाला खर्चात व घाटात संकटात लोटणारे आहे.

अमेरिकेत या बाबतीत निराळा अनुभव आहे. तेथे आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा १९४० च्या नमुन्याच्या ओल्डस्मोबील मोटारींपासून मोठ्या प्रमाणावर आली आणि १९५४ पासून शेव्हरोलेच्या हलक्या ट्रकांवरही ती मिळू लागली. त्या यंत्रणेत इंजिनाची शक्ती तेलाच्याच माध्यमातून पुढे जाते आणि आतील क्लचही तेलाच्या दाबावरच आवळले जातात. साहजिकच तेल कमी झाले वा जळाले की गाडी ताबडतोब कुरकुरते. गिअर उशिरा पडतो, गाडी घसरल्यासारखी चालते. म्हणून तेथील जुन्या पिकअपचा मालक तेलाचा लाल रंग व त्याचा वास पाहण्याची सवय ठेवतो आणि ठराविक काळाने तेल व गाळणी बदलतो. आपल्याकडील मालवाहू पिकअप बहुतांशी हाताने गिअर बदलण्याच्या आहेत. त्यांचा गिअरबॉक्स अधिक साधा व सोशिक असतो. आणि हा सोशिकपणाच घात करतो. तेल निम्म्यावर आले तरी गाडी महिनोन्महिने चालते, आणि जेव्हा ती तक्रार करते तेव्हा दाते व बेअरिंगे झिजून गेलेली असतात.

हे कसे घडते ते समजून घेणे कठीण नाही. गिअरबॉक्समधील खालची चक्रे तेलात बुडून फिरतात व तेल वर उडवितात. त्या उडालेल्या तेलावर वरचा दंड आणि त्याची बेअरिंगे जगतात. दोन दात्यांमध्ये तेलाचा जो पातळ पापुद्रा असतो तोच लोखंडाला लोखंडापासून वेगळे ठेवतो. पातळी खाली गेली की वरच्या भागास तेल पुरेसे पोहोचत नाही. सपाट रस्त्यावर हे लक्षात येत नाही. घाट चढताना मात्र आतील तेल मागील बाजूस सरकते आणि पुढचे बेअरिंग, ज्यावर त्याच वेळी सर्वांत अधिक भार असतो, ते कोरडे पडते. शिवाय झिजेतून निघालेली धातूची बारीक पूड जुन्या तेलात फिरत राहते व घासकागदाप्रमाणे काम करते. प्रथम पितळी सिंक्रो कड्या झिजतात. गिअर टाकताना खरखर होते आणि चालक क्लचला दोष देतो. पुढे आवाज वाढतो. अखेरीस भार बदलताच गिअर आपोआप सुटू लागतो.

गिअर सुटणे ही केवळ खर्चाची बाब नव्हे. भरलेली गाडी घाट उतरताना तिला खालच्या गिअरमध्ये ठेवून इंजिनाच्या रोधाने आवरावयाची असते. तो गिअर मध्येच सुटला तर सारा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापतात आणि तापलेले ब्रेक धरीत नाहीत. गिअर सुटतो म्हणून पुष्कळ चालक तो हाताने दाबून धरतात. काही जण त्याही पुढे जाऊन उतारावर गाडी न्यूट्रलमध्येच सोडतात व त्यात डिझेलची बचत मानतात. या दोन्ही रीती घातक आहेत. क्रेटांच्या राशीवर मजूर बसविण्याची प्रथा अद्याप गेलेली नाही; अशा गाडीवर ती आढळली तर गावपातळीवरील कार्यकर्त्याने संकोच न करता हटकावे.

पावसाळ्याचा प्रश्न निराळा आहे. गिअरबॉक्स व मागील हाऊसिंग यांना श्वास घेण्यासाठी एक बारीक छिद्र वा टोपी असते, तिला ब्रीदर म्हणतात. दूरवरून आलेली तापलेली गाडी ओढ्याच्या पाण्यात घातली की आतील हवा एकदम आकसते आणि ब्रीदरमधून व ऑईल सीलमधून पाणी आत ओढले जाते. पाणी मिसळलेले तेल ताकासारखे पांढुरके दिसते आणि त्यात वंगणाचा गुण उरत नाही. उलटपक्षी, शेतातील चिखलाने ब्रीदर बुजला तर तापलेल्या हवेस वाट मिळत नाही व ती सीलवाटे तेल बाहेर रेटते. सील गळते म्हणून नवे सील बसविले जाते, तेही थोड्याच दिवसांत गळू लागते, आणि दोष मात्र सील विकणाऱ्या दुकानदाराच्या माथी बसतो. तारेच्या तुकड्याने ब्रीदर मोकळा करावयास काही मिनिटेच लागतात. धुलाईच्या ठिकाणी पाण्याचा जोराचा फवारा नेमका याच टोपीवर मारला जातो, तेही टाळावे.

गिअरच्या तेलाची निवड ‘जाड तेल ते चांगले’ या हिशेबाने करू नये. डब्यावर जाडीचा आकडा असतो, उदाहरणार्थ ८०डब्ल्यू-९० किंवा ८५डब्ल्यू-१४०, आणि त्याखेरीज जीएल-४ वा जीएल-५ असा दर्जाही असतो. मागील आसाच्या हायपॉइड दात्यांस सामान्यतः जीएल-५ लागते. परंतु तेच तेल गिअरबॉक्समध्ये घातल्यास, निर्मात्याने तसे सांगितले नसेल तर, त्यातील गंधकयुक्त द्रव्ये पितळी सिंक्रो कड्यांस बाधक ठरू शकतात. सबब त्या त्या गाडीसाठी निर्मात्याने सांगितलेलेच तेल घ्यावे. पुस्तिका हरवली असल्यास कंपनीच्या अधिकृत कार्यशाळेत विचारणा करावी. आवाज दबावा म्हणून फारच जाड तेल ओतणे, किंवा इंजिनातून काढलेले काळे तेल गिअरबॉक्समध्ये रिचविणे, ही काटकसर नसून नासाडी आहे. जुनी गाडी विकणारे पहिल्या प्रकाराचा आश्रय घेतात, हे खरेदीदाराने ध्यानी ठेवावे.

तेल बदलण्याची रीत सोपी असली तरी तिच्यात एक क्रम पाळावा लागतो. काही अंतर चालवून तेल कोमट झाल्यावर गाडी सपाट जागी उभी करावी, चाकांना पुढून-मागून दगड लावावेत. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये. त्यानंतर प्रथम भरण्याचा, म्हणजे बाजूचा प्लग उघडावा. तो गंजून बसला असेल व खालचा प्लग आधी काढून तेल सोडून दिले असेल तर गाडी जागीच अडकून पडते. खालच्या प्लगवर बहुधा चुंबक असते. त्यावर करड्या रंगाचा मऊ लेप आढळला तर ती नेहमीची झीज समजावी; टोचणारे कण वा दात्याचे तुकडे आढळले तर नवे तेल भरून समाधान न मानता गिअरबॉक्स उघडून घ्यावा. प्लग पुसून, वॉशर दबलेले असल्यास बदलून, पक्का करावा आणि भोकाच्या खालच्या कडेपर्यंत तेल भरावे. त्याहून अधिक भरल्यास तेल फेसाळते व गळते. हे काम मिस्त्रीकडून करविले तरी मालकाने शेजारी उभे राहावे, कारण काढलेले तेल पाहणे हेच अर्धे निदान आहे.

किती दिवसांनी, याचे उत्तर पुस्तिकेत किलोमीटरमध्ये असते. परंतु तो आकडा सर्वसाधारण वापराचा असतो आणि जुन्या पिकअपचा मीटर पुष्कळदा बंदच असतो. घाट, चिखल व क्षमतेबाहेरचा भार यांमुळे ती मुदत घटते. भाराचे तर असे आहे की, ‘दहाच क्रेट जास्त’ म्हणजे २०० किलो जास्त. म्हणून पंचांगाचा आधार घेणे अधिक व्यवहार्य दिसते. मृगापूर्वी एकदा पातळी व ब्रीदर पाहावा आणि पाऊस सरल्यावर पुन्हा एकदा प्लग उघडून तेलात पाणी शिरले आहे काय ते तपासावे. खंडेनवमी-दसऱ्यास गाडी धुऊन तिला झेंडूचे हार घालण्याची चाल आहेच. त्याच आठवड्यात दहा मिनिटे गाडीच्या पोटाखालीही द्यावीत, गाडी त्यास हरकत घेणार नाही. गिअरबॉक्स व हाऊसिंग या दोहोंचे तेल मिळून जो खर्च येतो तो नारायणगाव-वाशी एका फेरीच्या डिझेलहून फारसा अधिक नसतो.

हंगामात गाडी एक दिवस उभी ठेवणे परवडत नाही, ही शेतकऱ्याची अडचण खोटी नाही. म्हणूनच हे काम हंगामाबाहेर उरकावयास हवे, आणि येथे विस्तार कार्यकर्त्यावर थोडी जबाबदारी येते. फवारणी पंप, ट्रॅक्टर, मळणीयंत्र यांची प्रात्यक्षिके गावोगावी होतात. पिकअप मात्र कोणाच्याच कक्षेत बसत नाही. ती शेतीचे अवजार नव्हे, वाहन होय, असा त्यामागचा विचार असावा. बांधावरून बाजारापर्यंत माल नेणाऱ्या साधनास अवजारांतून वगळणे युक्त नाही. तालुक्याच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतील डिझेल किंवा मोटार मेकॅनिकच्या निदेशकास बोलावून उन्हाळ्यात एका सकाळी गावातील दोन-तीन गाड्यांचे प्लग सर्वांसमक्ष उघडून दाखविले, तर जे तेल बाहेर येईल ते कोणत्याही व्याख्यानापेक्षा अधिक बोलेल. प्रत्येक मालकाने गाडीत एक वही ठेवावी व तीत तेल बदलल्याचा दिनांक, तेलाचे नाव आणि चुंबकावर काय आढळले एवढेच लिहावे. गाडी विकताना त्या वहीस किंमत येते. भाड्याचा चालक असेल तर ही वही आणखी आवश्यक. क्लचवर पाय आणि गिअरच्या दांड्यावर हात ठेवून गाडी हाकण्याची खोड असलेल्या चालकाच्या हाती दिलेला गिअरबॉक्स तेल बदलूनही टिकत नाही.

प्रात्यक्षिकात निघालेल्या जुन्या तेलाची विल्हेवाट आधीच ठरवून ठेवावी. ते ओढ्यात, विहिरीजवळ अथवा उकिरड्यावर ओतू नये. २०१६ च्या नियमांनुसार वापरलेले तेल घातक टाकाऊ द्रव्यांत मोडते. घट्ट झाकणाच्या डब्यात साठवून ते अधिकृत पुनर्प्रक्रियेसाठी तेल गोळा करणाऱ्याकडे किंवा तशी सोय असलेल्या कार्यशाळेकडे द्यावे. तो डबा गोठ्यापासून दूर ठेवावा, आणि रिकामा झाल्यावर कोणी त्यात पाणी भरू नये म्हणून त्यावर रंगाने ठळक ‘तेल’ असे लिहून ठेवावे.