‘फॉरमॅट मारा’ म्हणण्याआधी

संगणक सुरू झाला नाही की आपल्याकडे एकच इलाज सांगितला जातो: ‘फॉरमॅट मारून टाका.’ नंदुरबार, शहादा, नवापूर, अक्कलकुवा, कुठेही जा, उत्तर तेच. मी भाषेचा शिक्षक आहे, संगणकतज्ज्ञ नाही. तरीही या सवयीला माझा विरोध आहे. शाळेच्या डिस्कवर मुलांचे दाखले असतात, शिष्यवृत्तीची कागदपत्रे असतात, इनपेजमध्ये टाइप केलेल्या वर्षानुवर्षांच्या उर्दू प्रश्नपत्रिका असतात. ही आपल्याकडे सोपवलेली अमानत आहे.

बरेचदा डिस्क बिघडलेलीच नसते. शेताला सातबारा असतो, तशी डिस्कलाही एक नोंद असते: सी ड्राइव्ह कुठून कुठपर्यंत, डी कुठून. ही नोंद ठेवण्याच्या दोन पद्धती आहेत. एमबीआर ही जुनी, १९८३ पासूनची. तिची नोंद डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटमध्ये बसते. त्यामुळे मुख्य वाटण्या चारच आणि मर्यादा सुमारे २ टीबीची. ४ टीबीची डिस्क घेऊन तिच्यावर एमबीआर केले, तर निम्मी जागा पडून राहते. जीपीटी ही नवी पद्धत. तिच्यात विंडोज १२८ वाटण्या करू देते, आणि नोंदीची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी असते. पहिली खराब झाली तर दुसरी कामी येते.

संगणक सुरू होण्याचा संबंध इथेच येतो. जुन्या बायोस पद्धतीने सुरू होणाऱ्या विंडोजला एमबीआर डिस्क लागते, नव्या यूईएफआय पद्धतीला जीपीटी. जोडी जुळली नाही, तर धडधाकट डिस्क असूनही पडद्यावर ‘बूट डिव्हाइस सापडले नाही’ असा संदेश येतो.

आता उन्हाळ्याची सुट्टी आठवा. लॅब बंद, वीज बंद. जूनमध्ये पाहावे तर मदरबोर्डवरचा बटणासारखा छोटा सेल संपलेला. सेल संपला की सेटिंग मूळपदावर जाते. ते यूईएफआय असेल आणि डिस्क एमबीआर, तर संगणक उठत नाही. इलाज म्हणजे नवा सेल आणि सेटिंगमधला एक बदल. आपण मात्र सगळी डिस्क पुसून मोकळे होतो.

विंडोज १० चा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला यूईएफआय लागते, म्हणून जुने संगणक भंगारात काढण्याची घाई दिसते. पण मायक्रोसॉफ्टचेच एमबीआर-टू-जीपीटी हे साधन फाइली न पुसता डिस्क बदलून देते. आधी प्रत काढून ठेवावी, एवढेच. संगणक विंडोज ११ च्या इतर अटींत बसत नसेल, तर लिनक्स आहे. ते दोन्ही पद्धतींवर चालते.

एक गैरसमजही दूर व्हावा. डी ड्राइव्हमध्ये ठेवले म्हणजे सुरक्षित, असे नाही. सी आणि डी एकाच डिस्कच्या वाटण्या आहेत. डिस्क गेली तर दोन्ही जातात. प्रत वेगळ्या डिस्कवरच हवी.

देशातले पहिले आधार क्रमांक २०१० मध्ये आपल्याच जिल्ह्यातल्या टेंभलीत दिले गेले. तेव्हापासून मुलांची प्रत्येक नोंद संगणकात जाते आहे. मग शिक्षकांच्या प्रशिक्षणात स्लाइड बनवण्याबरोबर हा अर्ध्या तासाचा धडाही मराठीत आणि उर्दूत का असू नये? आणि तोवर मुख्याध्यापकांनी फॉरमॅटला होकार देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावेत: सेल तपासला का? बूट सेटिंग पाहिले का? फाइलींची प्रत काढली का? न विचारता पुसणे ही अमानतीत खयानत आहे.