साटाचं तोंड कुणी बुजवलं?

एक्स्टर्नल हार्ड डिस्क उघडली की आत बहुधा लॅपटॉपमधलीच अडीच इंची डिस्क निघते. बऱ्याच डब्यांत तिच्या साटा पोर्टला यूएसबीचं छोटं कार्ड लावलेलं असतं. डेटा कॉपी करा, कार्ड काढा, डिस्क लॅपटॉपमध्ये बसवा. फक्त जाडी आधी मोजा. ७ मिलिमीटरच्या जागेत १५ मिलिमीटरची डिस्क मावत नाही.

डोकं फिरतं ते दुसऱ्या प्रकाराने. तिथे यूएसबी पोर्ट थेट डिस्कच्या सर्किट बोर्डवरच असतं, साटाचा पत्ताच नाही. पोर्ट सैल झालं की ठणठणीत डिस्क भंगारात. जागा वाचते म्हणे! कुणाची?

आमच्या परभणीत मोटार जळाली तर शेतकरी ती रिवाइंड करून पुन्हा विहिरीवर बसवतो. ‘नवीनच घ्या’ म्हणणाऱ्याकडे तो बघतही नाही. मग घरातल्या लग्नाचे फोटो असलेल्या डिस्कबाबत आपण इतके गरीब का?

केंद्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी पोर्टल काढलं. छान. पण पोर्टलवर माहिती वाचून बोर्डावर साटा उगवत नाही. निदान खोक्यावर छापा: आत साटा आहे की नाही. किमतीशेजारी, तेवढ्याच मोठ्या अक्षरात.